वाणात आलेलं झाड

मथुराबाईंना कुणी कोंडून ठेवलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोकांना वाटायचं, मुलगा कसाई आणि सून कैदाशीण. तसं काही नव्हतं. मुलगा अभिमन्यू विम्याच्या ऑफिसातून कितीही दमून आला तरी आईच्या गुडघ्याला तेल चोळून द्यायचा. सून रेश्मा खाजगी शाळेत शिकवायची, पण सासूचं ताट वाढल्याशिवाय तिनं कधी स्वतःचं ताट घेतलं नाही. नात पायल यंदा दहावीला. ती आजीच्याच खोलीत, आजीच्याच गोधडीत झोपायची. जुळे सोलापुरातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दाराला साधं लॅच, आणि त्याची एक किल्ली मथुराबाईंच्या कमरेला खोचलेली. वाट मोकळी होती. तरी पंधरा महिने झाले, बाईंना आपल्या घरी जाता आलं नव्हतं. भांडणाऱ्या माणसाला पाठ दाखवून निघता येतं. तेल चोळणाऱ्याला काय म्हणून पाठ दाखवायची?

आल्या होत्या महिन्याभरासाठी. गणपती नुकतेच उठले होते आणि रेश्माचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. "तिला वजन उचलायचं नाही, आई, महिनाभर ये," असा फोन आला. मथुराबाईंनी दोन लुगडी पिशवीत टाकली, शेळी शेजारच्या काशम्माच्या हवाली केली आणि मंगळवेढ्याहून एसटी धरली. महिना संपला तेव्हा डॉक्टरांनी आणखी दोन महिने सांगितले. मग अभिमन्यूच्या ऑफिसचं मार्चअखेर आलं. मग पायलची परीक्षा, मग उन्हाळा आणि "एवढ्या उन्हात कुठं जातीस, आई?" आणि ह्या सगळ्याच्या वर, बारमाही, होतं ते पाणी.

सोलापुरात नळाला पाणी चार दिवसांनी येतं, पाच दिवसांनी येतं, आणि किती वाजता येतं ते फक्त नळालाच ठाऊक असतं. आल्या आल्या मोटर लावायची, पिंप भरायचं, हंडे-कळशा भरायच्या, आणि तासाभरात तो गेला की पुढचे पाच दिवस त्याच्यावर काढायचे. रेश्मा शाळेत, अभिमन्यू ऑफिसात, पायल क्लासला. घरात कुणीतरी हवं. पूर्वी रेश्मा शाळेतून रिक्षा करून धावत यायची. मथुराबाई आल्या आणि तिची धावपळ थांबली, तिच्या अंगावर मांस चढलं. मथुराबाईंना ते दिसत होतं आणि बरंही वाटत होतं. पण गावाचा विषय काढला की कुणीतरी दिनदर्शिकेकडं बघून म्हणायचं, "उद्या पाणी यायचंय की." झालं, विषय संपला.

मंगळवेढ्याच्या पुढं दोन खोल्यांचं घर आणि तीन एकर काळं रान. मालक गेल्यापासून वीस वर्षं मथुराबाईंनीच ते कसलं. आता काशम्माचा नवरा निंगप्पा वाट्यानं करत होता. माणूस सरळ, दर अमावस्येला फोन करून रानाची खबर सांगायचा आणि शेवटी आपल्या कानडी वळणात विचारायचा, "अक्का, यावाग बरतीरी? कवा येताव?" त्याला काय सांगायचं? "येते की, पानी येऊन गेलं की येते," असं सांगितलं तर निंगप्पा हसला असता.

त्यातल्या त्यात एक सल मोठा होता. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला त्या भागात सगळा गाव रानात असतो. कडब्याची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबील आणि भज्जीचा, म्हणजे डाळी-भाज्यांच्या मिसळीचा, नैवेद्य दाखवायचा, आणि मग रानाच्या धनिणीनं उभ्या पिकात आंबील शिंपडत फिरायचं. ज्या मातीनं वर्षभर खाऊ घातलं तिला एक दिवस आपण वाढायचं. लग्न होऊन आल्यापासून मथुराबाईंचा हा दिवस चुकला नव्हता. गेल्या साली रेश्माच्या दुखण्यात पहिल्यांदा चुकला. त्या दिवशी त्या गॅलरीत उभ्या राहून समोरच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या चादरी बघत राहिल्या आणि त्यांना रडू आलं. ह्या साली काहीही होवो, आवसेला रानात जायचं आणि परत यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आता झाडाची गोष्ट. संक्रांतीच्या हळदीकुंकवात पूर्वी बायका वाण म्हणून गाळणी द्यायच्या, साबणाच्या डब्या द्यायच्या. खालच्या मजल्यावरच्या भुवनेश्वरीनं यंदा सगळ्यांना एकेक चिमुकली कुंडी दिली. कुंडीत जाड, गुबगुबीत पानांचं कमळासारखं झाड. पानं राखट निळी, कडा गुलाबी, आणि मधला गाभा जांभळा. रेश्मा तर हरखूनच गेली.

"ह्याला सक्युलंट म्हणतात, आत्या. घरात ठेवायचं असतं."

"मेणाचं हाय व्हय?"

"नाही हो, खरं आहे."

रेश्मानं ते हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं आणि रोज आंघोळ झाली की तुळशीबरोबर त्यालाही पाणी घालायला लागली. वाणात आलेलं झाड, ते तहानलेलं कसं ठेवायचं? पंधरा दिवसांत झाडाचा रंग उडाला. गुलाबी गेला, जांभळा गेला, राहिला तो फिक्कट हिरवा. मान लांब करून ते खिडकीकडं वाकलं आणि खालची दोन पानं पिवळी होऊन गळाली. रेश्मा हिरमुसली.

मथुराबाई आठ दिवस गप्प बसून हे बघत होत्या. नवव्या दिवशी राहवेना. त्यांनी कुंडी उचलली, बोटानं माती चाचपली आणि म्हणाल्या, "पानी पाजून मारायलीस की गं ह्याला. हे आपल्या शाळूच्या जातीचं हाय. शाळूला कोण पानी देतंय? थंडीवर आन दवावर येतोय त्यो."

रब्बीची ज्वारी ज्यानं कोरडवाहू रानात काढली त्याला ओल कळते. पुस्तकातून नाही, बोटातून कळते. मथुराबाईंनी अभिमन्यूला बाजूच्या बांधकामावरून पिशवीभर मुरूम आणायला लावला, त्यात विटकरीचा चुरा मिसळला, थोडं शेणखत घातलं. बुडाला भोक असलेल्या पसरट मातीच्या कुंडीत झाड बसवलं आणि पूर्वेच्या गॅलरीत नेलं. तिथं कोवळं ऊन यायचं. पाणी कधी? तर बोट दोन पेरं आत घालून बघायचं. कोरडं लागलं तरी चार दिवस आणखी थांबायचं. खालच्या पानाला बारीकशी सुरकुती आली, की एकदाच भरपूर घालायचं, खालून निथळेपर्यंत, आणि मग विसरून जायचं. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन माणसाला भाजतं तिथं झाडाची काय कथा, म्हणून जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. आणि दिवाळीची थंडी पडली तसा झाडाला असा काही रंग चढला की भुवनेश्वरी वर बघायला आली. भुवनेश्वरीच्या स्वतःच्या घरातलं केव्हाच गेलं होतं.

शिवाय गळालेली पानं मथुराबाईंनी टाकली नव्हती. मुरमावर नुसती पसरून ठेवली होती. त्या पानांच्या देठाला मुळं फुटली, मुळांपाशी मुगाएवढी पिल्लं आली, आणि वर्षाच्या आत गॅलरीत पिल्लांच्या अकरा कुंड्या झाल्या. "आत्यांच्या हाताला गुण आहे," असं रेश्मा शाळेत सांगायची. घरात सांगायची ते वेगळं. "आत्या, तुम्ही गेलात तर ह्यांना कोण बघणार? माझ्या हातनं तर मरतीलच."

मथुराबाईंना तेव्हा कळलं, की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. आधी नुसतं पाणी होतं, आता बारा झाडंही आली. असंच चालू राहिलं तर पुढं काय काय उगवेल कुणास ठाऊक!

दिवाळीत अभिमन्यूनं शब्द दिला होता. "वेळ अमावस्येला मी स्वतः गाडीवर नेतो तुला, आई. राहा पाहिजे तितकं." मथुराबाईंनी पिशवी भरून पलंगाखाली ठेवली. काशम्माला फोन करून आंबिलीचं पीठ दळून ठेवायला सांगितलं. आणि आवस तीन आठवड्यांवर आली असताना एका रात्री जेवताना रेश्मा म्हणाली, "आमच्या कॉलनीतल्या बायकांनी झाडांचं प्रदर्शन ठेवलंय. अमावस्या शुक्रवारी आणि हे रविवारी. मी आपल्या वाणाच्या झाडाचं नाव दिलंय, आत्या. नंबर नक्की येतोय."

अभिमन्यूनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता आईकडं न बघता म्हटलं, "मग आई, ह्या वेळी जरा पुढं ढकलू. शुक्रवारी पाणीही यायचं असेल. आंबील निंगप्पा शिंपडेल की. आपण संक्रांतीला जाऊ."

"बरं," मथुराबाई म्हणाल्या.

बरं म्हणायची सवय वाईट. त्या रात्री त्यांना 'नाही' म्हणायचं होतं आणि तोंडातून निघालं ते 'बरं'. संक्रांतीनंतर पुन्हा मार्चअखेर होतं, पायलची दहावी होती, मग उन्हाळा होता. ह्या घरात आपण मरणार आणि मेल्यावरसुद्धा, पाणी येऊन गेलं की नेऊ म्हणतील, असं त्यांना वाटलं. राग आला. स्वतःच्या पोराचा असा राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता. आणि त्या रागात त्यांनी हिशेब मांडला. झाड गेलं की प्रदर्शन गेलं. शिवाय म्हातारीच्या हातचा गुण गेला म्हणतील. गुण गेलेल्या माणसाला कोण धरून ठेवतं?

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर त्यांनी तांब्या भरून घेतला आणि गॅलरीत गेल्या. पोरं, म्हणजे ती अकरा पिल्लं, त्यांनी सोडून दिली. वाणाचं मोठं झाड पुढ्यात ओढलं. उन्हात ते लालजांभळं पेटलेलं दिसत होतं. आयुष्यभर रानात राबलेली बाई, आलेलं पीक तिनं आपल्या हातानं कधी मोडलं नव्हतं. टोळ येवोत, गारा पडोत, ते देवाचं झालं. हे मात्र आपलं. त्यांनी तांब्या उपडा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. थंडीत मुरूम वाळेना. अति तिथं माती म्हणतात, ती डोळ्यांसमोर होत होती, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं म्हातारी किती मायेनं पाणी घालतेय.

दहाव्या दिवशी खालचं पान काचेसारखं पारदर्शक झालं. रेश्माच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आत्या, पाणी घातलं का ह्याला?"

आता इथं मथुराबाई चुकल्या. घातलं म्हणाल्या असत्या, जास्त झालं म्हणाल्या असत्या, तर सगळं वेगळं झालं असतं. पण कधी खोटं न बोललेल्या माणसाला खोटं बोलायचं कसं तेही धड येत नाही. त्या घाबरल्या आणि म्हणाल्या, "न्हाय बाई. धा दिस झालं, थेंब न्हाय."

रेश्मानं मातीत बोट घातलं. बोट चिखलानं भरून आलं. तिनं ते पदराला पुसलं आणि आत निघून गेली. तीन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, मथुराबाईंनी पुन्हा नाही म्हटलं, आणि माती पुन्हा ओली होती. मथुराबाईंना वाटलं, सून रागावली. मनातून त्यांना हायसं वाटलं.

पण तो राग नव्हता. त्या दिवसापासून घरात काहीतरी हळूहळू बदलत गेलं. अभिमन्यू ऑफिसातून येऊन तेल चोळताना विचारायला लागला, "आई, आज दुपारी काय जेवलीस?" "काल कुणाचा फोन आला होता?" मथुराबाईंना वाटलं, पोरगं गप्पा मारतंय. मग रेश्मा जाताना गॅसची टाकी खालून बंद करून जायला लागली, डब्यात जेवण काढून ठेवायला लागली. मग एक दिवस अभिमन्यू म्हणाला, "आई, तुझ्याकडची किल्ली दे जरा. आणखी एक करून घ्यायचीय." किल्ली गेली ती परत आली नाही. विचारलं तर म्हणाला, "तुला कशाला लागतीय? आता एक बाई ठेवलीय ना दिवसभराला. ती पाणीपण भरेल. तू आता निवांत बस."

दिवसभराची बाई आली. तिनं मोटर लावली, पिंप भरलं, हंडे भरले. मथुराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. ज्या पाण्यापायी पंधरा महिने पाय अडकला होता ते पाणी भरायला आता त्यांची गरज उरली नव्हती. त्यांना आशा वाटली. वेडी आशा!

त्याच आठवड्यात रेश्मानं कुंडी उचलली आणि झाडाचं मुंडकं तिच्या हातात आलं. खालचा देठ काळा पडून सडला होता. रेश्मा तिथंच गॅलरीत मटकन बसली आणि रडली. मथुराबाई बोलणी खायला तयार होऊन उभ्या होत्या. रेश्मा उठली, डोळे पुसले आणि तिनं सासूला मिठी मारली.

"जाऊ दे, आत्या. झाडच होतं. मी प्रदर्शनातून नाव काढून टाकते. तुम्ही अजिबात मनाला लावून घ्यायचं नाही."

मिठीची तयारी मात्र मथुराबाईंनी केली नव्हती.

मंगळवारी अभिमन्यूनं त्यांना गुडघा दाखवायचा म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी गुडघ्याकडं बघितलंही नाही.

"आजी, मी तीन शब्द सांगतो, नंतर विचारीन. पेरू, खुर्ची, घोडा. बरं, आज तारीख काय?"

"तारीख न्हाय ठाव. वद्य बारस हाय. शुक्रवारी आवस."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. "साल कुठलं?"

मथुराबाईंना पंचांगातला शक ठाऊक होता, मृग कधी लागला ते ठाऊक होतं, इंग्रजी सालाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. त्या अभिमन्यूकडं बघायला लागल्या. अभिमन्यूनं मान खाली घातली.

"शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव."

"त्यातून सात?"

"शहाऐंशी. मग एकोणऐंशी. गुडघ्याचा आन ह्याचा काय संबंध हो डॉक्टर?"

डॉक्टर हसले. "तुमचे चिरंजीव म्हणतात, तुम्ही अलीकडं विसरताय. झाडाला पाणी घालता आणि घातलं नाही म्हणता. होतं असं वयामुळं."

मथुराबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेल चोळतानाचे प्रश्न, गॅस, किल्ली, दिवसभराची बाई, रेश्माची मिठी, सगळं एकदम समजलं. डॉक्टर विचारत होते, "मघाचे तीन शब्द सांगा बघू."

"पेरू," त्या म्हणाल्या. "खुर्ची." तिसरा शब्द आठवेना. मथुराबाईंना त्या क्षणी स्वतःचं नावसुद्धा आठवलं नसतं.

"आत्ताच ठाम काही सांगता येत नाही," डॉक्टर अभिमन्यूला म्हणाले. "सुरुवात असू शकते. काळजी घ्या, आणि एकटं ठेवू नका. विसरल्याचं ह्यांना कळत नसतं. मधल्या गाळलेल्या जागा मन आपोआप काहीतरी रचून भरून काढतं."

घरी आल्यावर अभिमन्यूनं चपलाही काढल्या नाहीत, निंगप्पाला फोन लावला. "निंगप्पा, आई आता तिकडं राहायला येणार नाही. तब्येत बरी नाही तिची. आंबील तुम्हीच शिंपडा. घरात तुमचा कडबा ठेवायचा तर ठेवा, मोकळंच आहे." पलीकडून निंगप्पा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. त्याच्याशी बोलायला फोन आईच्या हातात द्यावा, असंही अभिमन्यूला वाटलं नाही.

"अभी, हिकडं बघ," मथुराबाई म्हणाल्या. "मी इसरले न्हाय. मी मुद्दाम घातलं पानी."

"बरं, आई."

"बरं काय बरं? रोज तांब्या भरून घातलं. मरावं म्हणून घातलं. मला गावाला जायचं हुतं. तुमी सोडत न्हवता म्हणून केलं."

रेश्मा स्वयंपाकघरातून आली. "आत्या, मी विचारलं तेव्हा तर तुम्ही नाही म्हणालात. दोनदा विचारलं मी."

"खोटं बोलले."

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. मथुराबाईंना ती नजर वाचता आली, आणि तिच्यात संशय नव्हता, नुसतं दुःख होतं. सतरा वर्षांच्या संसारात रेश्मानं सासूच्या तोंडून एक खोटा शब्द ऐकला नव्हता. बाई खोटं बोलली ह्यापेक्षा बाई विसरली हे त्यांना सोपं होतं. सचोटीनं वागल्याचं हे असं फळ.

"आगं रागव की माझ्यावर!" मथुराबाई ओरडल्या. "तुझं झाड मारलं मी. चार शिव्या घाल. हाकलून दे मला."

रेश्मा रडायलाच लागली. अभिमन्यू आईच्या पायांशी खाली बसला. "आई, बांधावरची बाभळ तोडताना हात जोडायचीस तू. तू झाड मारशील? असं वाटतंय तुला. डॉक्टर म्हणालेत, असं वाटतं. आम्ही आहोत ना. तुला आता कुठं एकटं ठेवणार नाही आम्ही." आणि त्याचे डोळे भरून आले. मथुराबाई त्या भरलेल्या डोळ्यांकडं बघत राहिल्या. ह्याला कसं समजवायचं? जितकं खरं बोलावं तितकं वेड ठरत होतं. भांडावं तर 'आई पूर्वी अशी नव्हती' होणार, गप्प बसावं तर 'आई हल्ली बोलत नाही' होणार.

शुक्रवार आला. वेळ अमावस्या. अभिमन्यूनं रजा काढली होती. आईला रानात न्यायला त्याला जी रजा पंधरा महिन्यांत मिळाली नव्हती, ती आईच्या उशापायथ्याशी बसायला मिळाली. रेश्मानं सकाळी लवकर उठून आंबील केली, मिश्र डाळींची भज्जी केली, ताट वाढून सासूपुढं ठेवलं. "आत्या, इथंच करूया सण." आंबील चांगली झाली होती. मथुराबाईंना घास गिळेना, पण सुनेनं पहाटे उठून केलंय म्हणून खाल्लं.

दुपारी रेश्मा शाळेत होती आणि अभिमन्यूला हॉलमधल्या सोफ्यावर डोळा लागला. पायल सकाळच्या शाळेतून आली, दप्तर टाकून आजीच्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. मथुराबाई पलंगावर भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. पायल शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, मला माहितीय तू मुद्दाम केलंस."

मथुराबाईंनी मान वळवली.

"क्लास बुडवून मी दोनदा घरी लवकर आले होते. तुला दिसले नाही. तू पाणी घातलंस आणि मग वरनं कोरडा मुरूम पसरलास, मम्मीला कळू नये म्हणून. विसरणारं माणूस लपवतं का?"

मथुराबाईंच्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. त्यांनी पोरीचे दोन्ही हात धरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना शहाणं म्हटलं होतं. "माजी वाघीण ती! जा, सांग की मग बापाला. आत्ता जा. म्हणावं, मी माज्या डोळ्यानं बघितलंय. तुजं ऐकल त्यो."

पायल हलली नाही. तिनं हात सोडवून घेतले आणि नखानं गोधडीचा टाका उसवत बसली.

"सांगितलं तर तू जाशील," ती म्हणाली.

"जाईन की. माजं घर हाय तितं."

"मग मी काय करू? मम्मी-पप्पा संध्याकाळपर्यंत नसतात. तू यायच्या आधी मी रोज कुलूप उघडून रिकाम्या घरात यायचे, आजी. टीव्ही लावून ठेवायचे, घरात आवाज असावा म्हणून." टाका तुटून दोरा तिच्या हातात आला. "मी नाही सांगणार. तू कितीपण रागव."

मथुराबाईंना राग आला. आला नाही असं कसं म्हणायचं? एक फाडकन ठेवून द्यावी असा आला. ह्या एवढ्याशा पोरीच्या जिभेवर त्यांची सुटका होती आणि पोरगी ओठ मिटून बसली होती. त्यांनी हात उचललाही. तेवढ्यात पायलनं हुंदका दिला, आडवी झाली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. उचललेला हात तिच्या केसांवर गेला. दुसरीकडं कुठं जाणार तो?

रडून रडून पोरगी झोपली. मंगळवेढ्याच्या पुढं ह्या वेळेला रानात पंगती बसलेल्या असतील, आणि मथुराबाईंच्या तुकड्यात निंगप्पा आंबील शिंपडत फिरत असेल. पाय मुडपून जवळ घ्यावा असं त्यांना वाटायला लागलं होतं. दुखरा गुडघा ताठला होता, मांडीपासून खाली सगळ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पण पोरीची झोप मोडली असती, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या.